वेगधारण आणि स्त्रीचा भोवताल

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील 'नवेगान्धारणीय' हा सातवा अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केला, परीक्षेत त्यावर उत्तरे लिहिली आणि व्यवसायात पडल्यावर बहुतेकांनी तो बाजूस ठेवला. मूत्र, पुरीष, शुक्र, अपानवायू, छर्दी, क्षवथू, उद्गार, जृंभा, क्षुधा, तृष्णा, अश्रू, निद्रा आणि श्रमजन्य श्वास या तेरा वेगांचे धारण करू नये, एवढे सूत्र मात्र स्मरणात राहते. वेगधारण म्हणजे रुग्णाचा आळस, निष्काळजीपणा किंवा वाईट सवय, असे आपण गृहीत धरतो आणि 'वेग अडवत जाऊ नका' असा उपदेश करून मोकळे होतो. गेली काही वर्षे स्त्रीरुग्णांची परीक्षा करताना या गृहीतकाविषयीच आमच्या मनात शंका उत्पन्न झाली आहे. स्त्री वेग अडवते असे म्हणण्यापेक्षा तिचा भोवताल तिच्याकडून वेग अडवून घेतो असे म्हणणे अधिक यथार्थ होईल, असे आमचे मत बनले आहे. हे मत आमच्या व्यवसायबंधूंपुढे आणि औषधविक्रेत्यांपुढे विचारार्थ ठेवीत आहोत.

एक उदाहरण नमूद करतो. सुमारे चाळीस वर्षे वयाच्या एक शिक्षिका वारंवार होणाऱ्या मूत्रकृच्छ्रासाठी आमच्याकडे येत असत. चंद्रप्रभा वटी, गोक्षुरादि गुग्गुळ, उशीरासव अशा योजनेने आठ-पंधरा दिवसांत उपशय मिळे. दोन महिन्यांनी तीच तक्रार पुन्हा उभी राही. मूत्रपरीक्षण झाले, आवश्यक तेव्हा प्रतिजैविकेही झाली. आम्ही कल्प बदलले, अनुपान बदलले. उन्हाळ्याच्या सुटीत आपल्याला हा त्रास होत नाही, असे त्या एकदा सहज बोलून गेल्या, तेव्हा आम्ही प्रथमच विचारले, "शाळेत असताना पाणी किती पिता?" त्या म्हणाल्या, "घरातून निघताना अर्धा कप चहा. मग घरी येईपर्यंत काही नाही. पाणी प्यायले की जावे लागते, आणि शाळेत जायला नको वाटते." शाळेत स्त्रियांसाठी स्वच्छतागृह एकच, तेही शिक्षकांच्या खोलीसमोर, दाराची कडी मोडलेली आणि पाण्याची बादली बाहेरून भरून न्यायची. बादली हातात घेऊन सर्व सहकाऱ्यांच्या देखत त्या दाराकडे चालत जाणे त्यांना इतक्या वर्षांत एकदाही जमले नव्हते.

तृष्णा आणि मूत्र असे दोन वेग त्या रोज सहा-सात तास अडवीत होत्या आणि आम्ही वर्षभर त्यांच्या बस्तीवर औषध देत होतो. मूत्रवेगाच्या धारणाने बस्ती व मूत्रमार्गात शूल, मूत्रकृच्छ्र, शिरःशूल उद्भवतात, हे त्या अध्यायात स्पष्ट सांगितलेले आहे. व्याधी लक्षणांसह समोर बसला होता, हेतू मात्र त्या शाळेच्या मोडक्या कडीत होता आणि आमचा प्रश्न तिथवर पोहोचलाच नव्हता.

जाता जाता त्या जे बोलल्या त्याने आम्ही वरमलो. "तुमच्याकडेसुद्धा दोन तास बसावे लागते, म्हणून इथे येतानाही मी पाणी पीत नाही," असे त्या म्हणाल्या. आमच्या चिकित्सालयात त्या वेळी रुग्णांसाठी एकच स्वच्छतागृह होते आणि तिथे जायचे तर औषधे बांधणाऱ्या मुलांच्या खोलीतून जावे लागे. पुरुष रुग्ण जात. स्त्रिया विचारीतही नसत. त्या विचारीत नाहीत, तेव्हा त्यांना गरज नसावी, असा सोयीस्कर निष्कर्ष आम्ही काढला होता.

हा प्रश्न एका शाळेचा किंवा एका चिकित्सालयाचा नाही. मुंबईत २०११ साली स्त्रियांच्या संघटनांनी 'राइट टू पी' या नावाने मोहीम सुरू केली, तेव्हा त्या नावाला अनेकजण हसले. मागणी एवढीच होती की, रस्त्यावर, बाजारात, कामाच्या वाटेवर असणाऱ्या स्त्रीला स्वच्छ, सुरक्षित आणि विनामूल्य मुतारी मिळावी. पुढे 'मिळून साऱ्याजणी'च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये स्त्रियांसाठी अशी सोय करणे हे महानगरपालिकांचे कर्तव्य असल्याचे ठरवून तसे आदेश दिले. मूत्रवेगाचा प्रश्न न्यायालयापर्यंत न्यावा लागला, यातच सर्व आले. भाजी विकणारी, एसटीत तिकिटे फाडणारी, बंदोबस्ताला उभी असणारी स्त्री आजही दिवसाचे पाणी मोजून पिते. ही बाब आपल्या केसपेपरवर कोठे नोंदवली जाते काय, हा आमचा प्रश्न आहे.

या धारणेचे शिक्षण फार लवकर सुरू होते. मुलगा रस्त्याच्या कडेला उभा राहिला तर कोणी त्यास हटकत नाही. मुलीला मात्र प्रवासाला निघण्यापूर्वीच 'आता पाणी पिऊ नकोस' असे बजावले जाते. ते सांगणारी आई मुलीची वैरीण नसते. तिला वाटेवरची परिस्थिती ठाऊक असते. परंतु वर्षानुवर्षे हेच ऐकत वाढलेल्या मुलीला शरीराकडून आलेला प्रत्येक संकेत प्रथम अडचण वाटू लागतो. भूक लागली, तरी थांबावे. झोप आली, तरी भांडी आवरून मग पडावे. रडू आले, तर मोरीत जाऊन तोंड धुवावे. अशा रीतीने शरीराची भाषा ऐकू न येण्याचा अभ्यास पंधरा-वीस वर्षे झाल्यावर ती आपल्यासमोर येते आणि आपण विचारतो, "त्रास केव्हापासून आहे?" तिला सांगता येत नाही. तिला स्मरणशक्ती कमी आहे असे नव्हे. त्रासाकडे लक्ष देण्याची मुभाच तिला कधी नव्हती.

क्षुधावेगाचा विचार करू. भूक अडवल्याने कार्श्य, दौर्बल्य, वैवर्ण्य, अंगमर्द, अरुची आणि भ्रम होतात, असे चरकाचार्य सांगतात. ही लक्षणे वाचताना पांडुरोगाने ग्रासलेली आपल्याकडची कोणतीही गृहिणी डोळ्यांसमोर उभी राहावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांत रक्ताल्पता आढळली. आधीच्या फेरीत (२०१५-१६) हे प्रमाण ४८ टक्के होते. देशपातळीवर पाचव्या फेरीत हेच प्रमाण स्त्रियांत ५७ टक्के, तर पुरुषांत २५ टक्के आहे. मासिक रजःस्राव, गर्भारपण, बाळंतपण ही कारणे आहेतच. पण सर्वांच्या मागून, उरलेसुरले, उभ्या उभ्या जेवणे हेही एक कारण आहे, आणि ते कोणत्याही रक्तपरीक्षणात दिसत नाही. लोहभस्माचे कल्प, धात्री लोह, पुनर्नवा मंडूर आपण लिहून देतो ते योग्यच. परंतु 'दिवसाचे पहिले अन्न किती वाजता आणि कोणाकोणाच्या नंतर घेता' हा प्रश्न न विचारता दिलेले लोह अर्धे वाया जाते, असा आमचा अनुभव आहे.

अश्रूंचा वेग तर आपण वेग मानतच नाही. त्याच्या धारणाने प्रतिश्याय, नेत्ररोग, हृद्रोग, अरुची, भ्रम होतात असे सांगून त्यावरील उपचारांत निद्रेबरोबर प्रिय कथा, म्हणजे आवडीचे बोलणे, यांचाही उल्लेख चरकाचार्य करतात. चिकित्सेच्या यादीत माणसाशी बोलण्याला स्थान देणारे हे शास्त्र आहे. आणि आपण? सासूबाईंना शेजारच्या खुर्चीवर बसवून सुनेला प्रश्न विचारतो आणि उत्तर सासूबाईंकडून घेतो.

याच अध्यायात धारणीय वेगांचीही गणना आहे, हे विसरता कामा नये. लोभ, शोक, भय, क्रोध, अहंकार, निर्लज्जपणा, मत्सर यांचे वेग मात्र आवरावेत, असे सांगितले आहे. लज्जेचा कैवार घेणारे या निर्लज्जपणाच्या उल्लेखाकडे बोट दाखवतील. परंतु लज्जेपायी मूत्र, क्षुधा वा अश्रू अडवावेत असे आचार्यांनी कोठेही म्हटलेले नाही. आपल्या अनेक घरांत या दोन्ही याद्यांची अदलाबदल झालेली दिसते. क्रोध आणि अहंकार यांना मोकळीक आहे. तहान, भूक, झोप आणि अश्रू यांना बंदी आहे. आणि ही बंदी बहुतांशी एकाच व्यक्तीने पाळावयाची असते.

आता आर्तवाकडे वळू. आर्तव तेरा वेगांत गणलेले नाही. तथापि त्याचे प्रवर्तन अपानवायूच्या अधीन आहे, हे आपण जाणतो. चिकित्सास्थानात वीस योनिव्यापदांचे वर्णन करताना, वेगांच्या विपरीत गतीमुळे वायू योनीला ऊर्ध्वगामी करतो आणि त्यातून उदावर्तिनी ही सशूल व्यापद होते, आर्तव सुटले की रुग्णेला तत्काळ बरे वाटते, असे स्पष्ट केले आहे. कष्टार्तवाची रुग्णा आली की आपण दशमूलारिष्ट, कुमारी आसव, बस्ती यांचा विचार करतो. तिच्या वेगधारणाची चौकशी क्वचितच करतो. ज्या मुली महाविद्यालयात सकाळपासून सायंकाळपर्यंत स्वच्छतागृहात जात नाहीत, त्यांच्या कष्टार्तवाकडे या दृष्टीने पाहावयास हवे.

मासिक पाळीसाठी आपल्या बोलण्यातले शब्द पाहा. 'अडचण', 'बाहेरची', 'कावळा शिवला', 'बाजूला बसली'. गर्भाशयाला 'पिशवी' म्हणतात. शब्दांतून भोवताल बोलतो. जे अडचण आहे ते दूर करावे आणि जी पिशवी आहे ती काम संपल्यावर टाकून द्यावी, असा विचार या शब्दांच्या मागोमाग येतो.

दूर करण्याची सोय आता औषधाच्या दुकानात झाली आहे. श्रावण लागला की, गौरी-गणपती, नवरात्र, लग्नसराई आली की, पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांची मागणी किती वाढते, हे औषधविक्रेत्या वाचकांना आम्ही सांगण्याची गरज नाही. "यंदा गौरी माझ्याकडे आहेत, तारीख नेमकी त्याच दिवशी येते, गोळी द्या," एवढ्यावर व्यवहार पुरा होतो. ही नॉरएथिस्टेरॉन या संप्रेरकाची गोळी आहे. रक्तात गुठळी होण्याची प्रवृत्ती, यकृताचे विकार, स्तनाचा कर्करोग, अनिर्णित कारणाचा योनिगत रक्तस्राव यांपैकी काही असलेल्या स्त्रीला ती घातक ठरू शकते. म्हणून ती चिकित्सकाने परीक्षा करूनच द्यावयाची असते. घेणाऱ्या स्त्रीला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. ज्या घरात त्या दिवशी तिची पाळी हा सर्वांचा विरस ठरतो, त्या घराने तिला दुकानापर्यंत पाठवलेले असते. परंतु गोळी देणारा हात आपल्यापैकी कोणाचा तरी असतो.

यावर काही व्यवसायबंधू रजस्वलाचर्येचा आधार देतील. शास्त्रात रजस्वलेसाठी तीन रात्रींचे वेगळे आचार सांगितले आहेत, हे खरे. त्यांतील ग्राह्य भाग विश्रांतीचा आणि लघु आहाराचा आहे, असे आम्ही मानतो. रूढीने काय केले? वेगळेपण ठेवले आणि विश्रांती काढून घेतली. आज देवघरात जाण्यास मज्जाव असलेली स्त्री त्याच दिवशी कार्यालयात जाते, धुणे-भांडी करते, वीस माणसांच्या पोळ्या लाटते. शिवाय रजस्वलेने रडल्यास होणाऱ्या अपत्याच्या दृष्टीत विकृती येते, काजळ घातल्यास ते अंध होते, अशा आशयाची सुश्रुतसंहितेतील विधाने रुग्णेच्या कानी घालून तिला भय घालणे हे आजच्या चिकित्सकास शोभणारे नाही. शास्त्रावर श्रद्धा ठेवावी, परंतु ज्याचा प्रत्यय येत नाही ते रुग्णेच्या माथी मारू नये, इतका विवेक आपण राखलाच पाहिजे.

भोवताल स्त्रीच्या शरीराशी कोणत्या थराला जाऊ शकतो, हे बीड जिल्ह्याने दाखवून दिले. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि एका दिवसाचा खाडा झाला की दंड पडतो. पहाटेपूर्वी फडात उतरायचे, मोळ्या डोक्यावर वाहायच्या, कोपीवर राहायचे. न्हाणी नाही, शौचालय नाही, पाळीच्या दिवसांत पुरेसे पाणीही नाही. अंगावरून जाण्याची, ओटीपोटात दुखण्याची तक्रार घेऊन ही स्त्री दवाखान्यात जाते आणि पिशवी काढून टाकण्याचा सल्ला घेऊन परत येते. २०१९ साली हा विषय ऐरणीवर आल्यावर शासनाने त्या वेळी विधान परिषदेच्या उपसभापती असलेल्या डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत आलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहा स्त्रियांमागे एक.

या आकड्यावर आपण हळहळलो आणि तो आधुनिक शल्यचिकित्सकांचा दोष म्हणून सोडून दिला. तसे सोडता येणार नाही. शस्त्रक्रियेला संमती देणाऱ्या अनेकींना ती सुटका वाटली असेल, कारण पाळी म्हणजे खाडा आणि खाडा म्हणजे दंड, हे गणित त्यांच्या अंगात मुरलेले होते. गौरीसाठी गोळी मागणारी शहरी गृहिणी आणि फडासाठी पिशवी काढून घेणारी मजूर स्त्री यांच्या दुःखाची तुलना होऊ शकत नाही. एकीला आठवड्याभराने पाळी येते, दुसरीला ती कधीच येत नाही. तरीही दोघींना एकच गोष्ट शिकवली गेली आहे. शरीर आणि भोवताल यांचे जमले नाही तर बदलायचे ते शरीर, भोवताल नव्हे.

या शिकवणीत आपला वाटा किती, हे तपासण्याची वेळ आली आहे. सॅनिटरी नॅपकिनचा पुडा वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून देणारा दुकानदार सभ्यपणा म्हणून तसे करतो. समोरच्या बारा वर्षांच्या मुलीला मात्र त्यातून कळते की, आपल्या शरीरात काहीतरी लपवण्याजोगे आहे. अंगावरून पांढरे जाते म्हणून येणाऱ्या, पाळी लांबली म्हणून येणाऱ्या आणि अतिस्राव होतो म्हणून येणाऱ्या अशा तिघींनाही 'बायकांचे टॉनिक' म्हणून एकच अशोकारिष्टाची बाटली दिली जाते. असृग्दराचा हा कल्प अल्पार्तवात देणे कितपत शास्त्रीय, याचा विचार करण्याइतका वेळ काउंटरवर कोणाला नसतो. जाहिरातींची गोष्ट त्याहून गंभीर आहे. औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ अन्वये मासिक पाळीच्या विकारांवर, स्थूलतेवर, स्तनांच्या आकारावर औषध असल्याचा दावा करणारी जाहिरात करता येत नाही. तरी आपल्याच पद्धतीच्या नावाने असे फलक दिसतात. स्त्रीला तिच्या शरीराची लाज वाटावी आणि त्या लाजेवर आपला गल्ला चालावा, ही गोष्ट आयुर्वेदाच्या नावाला कमीपणा आणणारी आहे.

'आमचे काम औषध देण्याचे; समाज सुधारण्याचे नव्हे,' असा आक्षेप येईल. त्यास आमचे उत्तर असे की, निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी आहे, असे आपणच रुग्णांना सांगतो. हेतू रुग्णाच्या ताटात असेल तर आपण पथ्य सांगतो. तो तिच्या शाळेत, घरात, फडात असेल तर मौन का धरावे? सारा समाज बदलणे आपल्या हाती नाही, हे मान्य. परंतु आपले चिकित्सालय आणि आपले दुकान हाही तिच्या भोवतालाचाच भाग आहे आणि तो मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे.

म्हणून काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. प्रत्येक स्त्रीरुग्णेस प्रश्नपरीक्षेत एकांतात विचारावे की, सकाळपासून पाणी किती घेतले, कामाच्या ठिकाणी लघवीची सोय आहे का, जेवण केव्हा आणि कोणानंतर, झोप किती, पाळीची गोळी कधी घेतली होती का. हे केसपेपरवर लिहावे, कारण जे लिहिले जाते त्याचाच पाठपुरावा होतो. चिकित्सालयात स्त्रियांसाठी कडी, पाणी आणि उजेड असलेले स्वच्छतागृह असावे व त्याची पाटी दर्शनी लावावी. औषधविक्रेत्यांनी संप्रेरकाची गोळी चिठ्ठीवाचून देऊ नये आणि नॅपकिनचा पुडा साबणाच्या वडीसारखा उघडपणे हातात द्यावा. संघटनेच्या शाखांनी आपापल्या गावच्या बाजारपेठेतील, बसस्थानकातील, शाळांतील सोयीची पाहणी करून स्थानिक संस्थेस लेखी कळवावे. चिकित्सकांच्या सहीने गेलेल्या पत्राला वजन असते.

आमच्या चिकित्सालयात आता औषधखोलीची भिंत फिरवून वेगळी वाट काढली आहे. खर्च फारसा आला नाही. इतकी वर्षे तो केला नाही, याचे वैषम्य मात्र वाटते. त्या शिक्षिकांनी मुख्याध्यापकांना अर्ज दिला, त्यावर आणखी चौघींनी सह्या केल्या आणि दाराला कडी बसली. बादली अजून बाहेरूनच न्यावी लागते. त्या आता ती नेतात. गेल्या पावसाळ्यापासून त्यांना मूत्रकृच्छ्राचे औषध लिहून देण्याची वेळ आमच्यावर आलेली नाही.